पर्यावरण मंजुरीच्या मुदती मोजायला एक्सेल: कुठे चालतं, कुठे फसवतं

ईआयए (प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांचं मूल्यांकन) करणारे सल्लागार, कंपन्यांचे अनुपालन विभाग, हरकती नोंदवणाऱ्या संघटना आणि हरित न्यायाधिकरणात जाणारे वकील या सगळ्यांच्या संगणकावर मुदतींचा हिशोब बहुधा एकाच ठिकाणी असतो, एक्सेलच्या एखाद्या शीटमध्ये. ती शीट कुणीतरी कधीतरी बनवलेली असते आणि पुढचे सगळे तीच कॉपी करत राहतात. या कामासाठी एक्सेल कितपत भरवशाचं आहे, हे इथे पाहिलं आहे. कसोटीला घेतले आहेत १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए अधिसूचनेतले टप्पे, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा २०१० मधल्या मुदती आणि पर्यावरण (संरक्षण) नियम १९८६ मधली हरकतींची मुदत. गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क यांतही इथे सांगितलेली सूत्रं आहेत. जिथे वागणूक वेगळी आहे तिथे तसं नोंदवलं आहे.

निकाल आधीच सांगतो. बेरजेत एक्सेल चुकत नाही. मोजणी कुठल्या दिवसापासून सुरू करायची आणि ती दिवसांत करायची, महिन्यांत की कामकाजाच्या दिवसांत, हे मात्र ते विचारतही नाही. शीट बनवणाऱ्याने या दोन गोष्टी प्रत्येक ओळीत वेगळ्या लिहिल्या नसतील, तर साधन कितीही चांगलं असलं तरी तारीख चुकणार.

साधी बेरीज

तारखेच्या सेलमध्ये थेट ४५ मिळवले की एक्सेल पहिला दिवस सोडून मोजतं. ५ जानेवारी २०२६ अधिक ४५ म्हणजे १९ फेब्रुवारी २०२६. आपल्याकडचा कायदाही असाच मोजतो. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम १८९७ चं कलम ९ सांगतं की अमुक तारखे‘पासून’ म्हटलं की तो पहिला दिवस धरायचा नाही. अधिसूचनेच्या इंग्रजी मजकुरात ‘पासून’ऐवजी ‘मिळाल्याच्या इतक्या दिवसांत’ अशी रचना बऱ्याच ठिकाणी आहे आणि त्यावरून वाद काढता येतो. पण इकॉन अँट्री विरुद्ध रोम इंडस्ट्रीज या धनादेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दोन्ही शब्दरचनांचा अर्थ एकच ठरवला: पहिला दिवस वगळायचा. त्यामुळे साध्या बेरजेवर विसंबायला हरकत नाही.

वेबवरच्या दिवस मोजणाऱ्या कॅल्क्युलेटरांत ‘शेवटचा दिवस धरा’ अशी एक चौकट असते. तिच्यात खूण केली की उत्तर एकाने वाढतं, आणि छापून फाइलला लावलेल्या कागदावर ती खूण केली होती की नाही हे पुढे कुणाला कळत नाही. एक्सेलमध्ये निदान सूत्र उघडून बघता येतं. एवढ्या एका कारणासाठीही ही कॅल्क्युलेटरं बाजूला ठेवलेली बरी.

जनसुनावणीची साखळी

खरी परीक्षा इथे होते, कारण ईआयए अधिसूचनेच्या परिशिष्ट ४ मध्ये एका मुदतीच्या पोटात दुसरी मुदत आहे. प्रकल्पप्रवर्तकाचं विनंतीपत्र मिळाल्यापासून ४५ दिवसांत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुनावणी पूर्ण करायची. मसुदा ईआयए अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत मंडळाच्या सदस्य सचिवांनी तारीख, वेळ आणि नेमकी जागा ठरवायची. एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात जाहिरात द्यायची. लोकांना प्रतिसादासाठी किमान ३० दिवस द्यायचे. सुनावणी झाली की ८ दिवसांत कामकाजाचा अहवाल नियामक प्राधिकरणाकडे पाठवायचा.

बहुतेक शीटमध्ये हे चार आकडे चार ओळींत सुटे असतात आणि प्रत्येक ओळ विनंतीपत्राच्या तारखेपासून पुढे मोजलेली असते. ती मांडणी इथे निरुपयोगी ठरते. ४५ हा बाहेरचा कठडा आहे आणि ३० त्याच्या आत बसवायचे आहेत, म्हणून जाहिरातीची तारीख सुनावणीकडून मागे मोजावी लागते. ‘किमान ३० दिवस’ याचा सुरक्षित अर्थ मधले पूर्ण ३० दिवस. जाहिरातीचा दिवस धरायचा नाही आणि सुनावणीचाही नाही. म्हणजे सुनावणीच्या तारखेतून ३० नव्हे, ३१ वजा करायचे.

विनंतीपत्र सोमवारी, ५ जानेवारी २०२६ ला मिळालं असं धरू. तारीख ठरवायची शेवटची मुदत १२ जानेवारी. पंचेचाळिसावा दिवस १९ फेब्रुवारी, म्हणजे शिवजयंती. महाराष्ट्रात त्या दिवशी सुनावणी ठेवणं अवघडच. मग सुनावणी १८ फेब्रुवारीला आणि जाहिरात उशिरात उशिरा १८ जानेवारीला, तोही रविवार. कामकाजाचा अहवाल २६ फेब्रुवारीपर्यंत. १२ ते १८ जानेवारी हे सहा दिवस काय ते जाहिरात तयार करून दैनिकांकडे पोचवायला मिळतात. एका दैनिकाची जागा हुकली की सगळी साखळी ४५ च्या बाहेर जाते.

शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढच्या दिवशी चालेल की, असं कुणीतरी म्हणतंच. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं कलम १० तसं म्हणतं खरं, पण न्यायालयात किंवा कार्यालयात करायच्या कृतीबद्दल. गावातल्या मांडवात होणाऱ्या सुनावणीला ते लावायला गेलात तर समोरचा वकील खूश होईल. शीटमध्ये या ओळीला ‘पुढे सरकत नाही’ असा शेरा द्यावा.

दोन दैनिकांतल्या जाहिराती वेगवेगळ्या दिवशी आल्या तर ३० दिवस उशिराच्या जाहिरातीपासून मोजावेत. दोन तारखांसाठी दोन सेल ठेवायचे आणि मॅक्स सूत्राने मोठी तारीख घ्यायची. शीटमध्ये ‘जाहिरातीची तारीख’ असा एकच सेल असेल तर भरणारा माणूस हाताशी असलेल्या कात्रणाची तारीख टाकतो, आणि ते कात्रण हमखास आधीच्या दैनिकाचं निघतं.

विनंतीपत्रासोबत सारांश आणि मसुदा अहवालाच्या किमान दहा छापील आणि तितक्याच इलेक्ट्रॉनिक प्रती द्याव्या लागतात. त्या अपुऱ्या निघाल्या आणि उरलेल्या नंतर दिल्या, तर ७ दिवसांचा शून्य दिवस (जिथून मोजणी सुरू होते तो) आणि ४५ दिवसांचा शून्य दिवस वेगळे पडतात. म्हणून पत्राची आवक आणि अहवालाची आवक असे दोन स्तंभ हवेत, बहुतेक वेळा दोन्हींत एकच तारीख असली तरी.

सुनावणी पुढे ढकलली गेली तर? अनपेक्षित आणीबाणीची परिस्थिती आणि जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस, या दोन्ही असल्याशिवाय ती ढकलता येत नाही. ढकलली तर नवी तारीख पुन्हा त्याच पद्धतीने जाहीर करायची, म्हणजे ३० दिवस नव्याने. जुन्या ओळीवर नवी तारीख लिहू नका, खाली नवी ओळ घ्या. पहिली जाहिरात कधी आली होती हे पुढे कुणीतरी विचारतंच, आणि ४५ दिवसांत सुनावणी न झाल्यास नियामक प्राधिकरण दुसऱ्या संस्थेकडे काम सोपवू शकतं, तेव्हा तर जुनी ओळच पुरावा असते. त्या संस्थेला आणखी ४५ दिवस मिळतात.

कामकाजाचे दिवस

अधिसूचनेत जवळपास सगळीकडे कॅलेंडरचे दिवस आहेत. ठळक अपवाद परिशिष्ट ५ मधला: मूल्यांकन समितीच्या बैठकीचं इतिवृत्त ५ कामकाजाच्या दिवसांत अंतिम करून संकेतस्थळावर टाकायचं. इथे एक्सेलची दोन सूत्रं आहेत आणि दोघांची मोजायची रीत वेगळी आहे. वर्कडे हे सूत्र इतक्या कामकाजाच्या दिवसांनंतरची तारीख देतं आणि सुरुवातीचा दिवस सोडतं; नेटवर्कडेज दोन तारखांमधले कामकाजाचे दिवस मोजतं आणि तो दिवस धरतं. मायक्रोसॉफ्टने हे असंच ठेवलं आहे आणि ते बदलेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

मंगळवारी, २० जानेवारी २०२६ ला बैठक झाली तर सुट्ट्यांची यादी न देता वर्कडे २७ जानेवारी दाखवेल. सोमवार २६ जानेवारी यादीत घातला की उत्तर २८ जानेवारी, आणि तेच बरोबर. आता पडताळणीसाठी कुणी २० ते २८ असं नेटवर्कडेजमध्ये घातलं तर आकडा ६ येतो, आणि वेळेत आलेलं इतिवृत्त एक दिवस उशिरा आल्यासारखं दिसतं. तारीख काढायला वर्कडे वापरावं. नेटवर्कडेज वापरायचंच असेल तर उत्तरातून एक वजा करावा.

सुट्ट्यांच्या याद्या दोन ठेवाव्या लागतात. केंद्राच्या समितीला केंद्र सरकारच्या सुट्ट्या, राज्याच्या समितीला राज्याच्या. शिवजयंती राज्याच्या यादीत आहे. राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला. त्याआधी दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा असे. जुन्या प्रकरणांत साधं वर्कडे चुकतं, कारण ते प्रत्येक शनिवार वगळतं. तिथे वर्कडे-इंटल हे सूत्र घ्या, आठवड्याच्या सुट्टीसाठी ११ हा संकेतांक द्या, त्याचा अर्थ फक्त रविवार, आणि त्या वर्षांतले दुसरे-चौथे शनिवार सुट्ट्यांच्या यादीत हाताने घाला. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करावं लागतं.

याच परिशिष्टात अर्जदाराला बैठकीच्या किमान १५ दिवस आधी कळवायचं आहे. ते कॅलेंडरचे दिवस. वरच्या नियमाने १६ वजा करा.

एकशे पाच दिवसांचा पेच

अधिसूचनेचा परिच्छेद ७ म्हणतो की अंतिम ईआयए अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत समितीने मूल्यांकन पूर्ण करायचं आणि पुढच्या १५ दिवसांत शिफारस सक्षम प्राधिकरणापुढे ठेवायची. परिच्छेद ८ म्हणतो की प्राधिकरणाने शिफारस मिळाल्यापासून ४५ दिवसांत निर्णय कळवायचा, आणि लगेच पुढे म्हणतो की म्हणजेच अंतिम अहवाल मिळाल्यापासून १०५ दिवसांत. आता बेरीज करा. ६० आणि ४५ मिळून १०५ होतात, पण मधले १५ धरले तर १२०. अधिसूचनेने ‘म्हणजेच’ म्हणून जोडलेल्या दोन मुदती प्रत्यक्षात १५ दिवसांनी वेगळ्या पडू शकतात.

बाजारात फिरणाऱ्या साच्यांमध्ये यातली एकच ओळ असते. कुणी १०५ ची ठेवतं, कुणी टप्प्याटप्प्याने मोजतं, आणि दोन सल्लागार एकाच प्रकरणात पंधरा दिवसांच्या फरकाने भांडत बसतात. दोन्ही ओळी ठेवा. एक अंतिम अहवालाच्या तारखेपासून १०५, दुसरी शिफारस मिळाल्याच्या तारखेपासून ४५. ज्याच्यावर मुदत पाळायची जबाबदारी आहे त्याने लवकरची तारीख धरावी. निर्णय वेळेत आला नाही म्हणून परिच्छेद ८ मधल्या मानीव निर्णयाचा आधार घेणाऱ्याने उशिराची धरावी. त्या तरतुदीनुसार मुदतीत निर्णय कळवला नाही तर समितीच्या अंतिम शिफारशीप्रमाणे मंजुरी मिळाली किंवा नाकारली गेली असं मानून पुढे जाता येतं. नाकारली गेली हा अर्धा भाग जाहिरातबाज सल्लागार सहसा सांगत नाहीत.

प्राधिकरणाला शिफारस पटली नाही तर वेगळी शाखा फुटते: ४५ दिवसांत फेरविचाराची विनंती, समितीला मत द्यायला ६० दिवस, त्यानंतर अंतिम निर्णयाला ३०. हे मुख्य स्तंभात कोंबू नका, वेगळी शीट करा.

परिवेश या पर्यावरण मंजुरीच्या सरकारी पोर्टलवर आवश्यक तपशील मागवले किंवा जादा माहिती मागवली की प्रत्यक्षात घड्याळ थांबल्यासारखं होतं. जिथे ईआयए लागत नाही तिथे अधिसूचनेत १०५ दिवस ‘पूर्ण अर्ज’ मिळाल्यापासून आहेत, आणि अर्ज पूर्ण कधी झाला यावरच सगळा वाद असतो. यासाठी एक छोटा तक्ता ठेवा: विचारणा कधी आली, उत्तर कधी गेलं, फरक किती. त्या फरकांची बेरीज मूळ मुदतीत मिळवून ती वेगळ्या स्तंभात दाखवा, मूळ तारीख पुसू नका. दोन विचारणा एकमेकींवर चढल्या असतील, म्हणजे पहिलीचं उत्तर जाण्याआधी दुसरी आली असेल, तर साधी बेरीज तेच दिवस दोनदा धरते. अशा वेळी दोन्ही मिळून एकच ओळ करायची, पहिल्या विचारणेपासून शेवटच्या उत्तरापर्यंत. एक्सेल हे आपोआप ओळखत नाही.

महिने आणि दिवस यांची गल्लत

अपिलांच्या बाबतीत चूक सगळ्यात महाग पडते. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १६ खाली आदेश कळल्यापासून ३० दिवस आणि पुरेसं कारण दाखवल्यास जास्तीत जास्त आणखी ६० दिवस. त्यापुढे विलंब माफ करायचा अधिकार न्यायाधिकरणाला दिलेलाच नाही. ३० आणि ६० मिळून ९० होतात, आणि ९० म्हटलं की हात आपोआप ‘तीन महिने’ लिहितो. शीटमध्ये ते ईडेट, म्हणजे तारखेत महिने मिळवणारं सूत्र होतं. १ जुलै २०२६ ला आदेश कळला असेल तर ९० वा दिवस २९ सप्टेंबर. ईडेट १ ऑक्टोबर दाखवतं. दोन दिवसांच्या फरकाने अपील हातचं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने लवाद कायद्याच्या संदर्भात, हिमाचल टेक्नो इंजिनियर्सच्या २०१० च्या निकालात, तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत हे स्पष्ट केलं आहे. उलट दिशेनेही तो निकाल तितकाच लागतो.

कलम १४ मध्ये मात्र खरोखरच महिने आहेत: वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, वर जास्तीत जास्त ६० दिवस. इथे ईडेट अगदी योग्य. कारण ३१ ऑगस्टला घडलं असेल तर ते सहा महिन्यांनी २८ फेब्रुवारी देतं, कारण फेब्रुवारीत ३१ तारीख नाही. कायद्यातला महिनाही कॅलेंडरचाच महिना, त्यामुळे हे वागणं नियमाला धरून आहे. १८० दिवस मिळवणारे विनाकारण नुकसान करून घेतात. १ मार्चपासून सहा महिने १ सप्टेंबरला संपतात, १८० दिवस २८ ऑगस्टलाच.

ईडेटवर ईडेट चढवू नका. ३१ जानेवारीला एक महिना मिळवला तर २८ फेब्रुवारी, त्यात आणखी एक मिळवला तर २८ मार्च. मूळ तारखेत थेट दोन महिने मिळवले तर ३१ मार्च. प्रत्येक मुदत मूळ तारखेपासूनच काढावी, आधीच्या निकालापासून नाही.

कलम १६ च्या तीसाव्या दिवसाचं एक उदाहरण. शुक्रवारी, १३ फेब्रुवारी २०२६ ला मंजुरी कळली तर तीसावा दिवस १५ मार्च, रविवार. अपील कार्यालयात दाखल करायचं असल्याने इथे कलम १० चं तत्त्व कामी येतं. त्यासाठी सुबक युक्ती अशी: शेवटच्या तारखेतून एक वजा करा आणि त्यात वर्कडेने एक कामकाजाचा दिवस मिळवा. शेवटचा दिवस कामाचा असेल तर तोच परत येतो, सुट्टीचा असेल तर पुढचा कामाचा दिवस येतो. ही युक्ती फक्त मूळ ३० दिवसांना लावा. वाढीव ६० दिवसांचा शेवट (इथे १४ मे) सुट्टीवर आला असता तर पुढे ढकलण्याच्या भानगडीत पडू नये. लवाद कायद्यातल्या अशाच वाढीव मुदतीला सुट्टीची सवलत द्यायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नकार दिला आहे.

‘कळल्यापासून’ म्हणजे कधीपासून? मंजुरी मिळाली की प्रवर्तकाने किमान दोन स्थानिक दैनिकांत जाहिरात द्यायची, स्वतःच्या संकेतस्थळावर टाकायची, सरकारी पोर्टलवर ती येते, आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत मिळाल्यापासून ३० दिवस लावायची. न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये सेव्ह मॉन रीजन फेडरेशनच्या प्रकरणात, वेगवेगळ्या घटकांनी आपापली जबाबदारी वेगवेगळ्या दिवशी पुरी केली तर त्यातली सगळ्यात आधीची तारीख धरायची असं सांगितलं. म्हणून इथे मिन सूत्र. जनसुनावणीच्या जाहिरातीला मॅक्स आणि अपिलाला मिन, ही जोडी शीटमध्ये ठळक रंगात ठेवण्यासारखी आहे. मिनमध्ये रिकामे सेल दुर्लक्षित होतात हे चांगलं, पण सगळेच रिकामे असतील तर उत्तर शून्य येतं आणि ३० मिळवल्यावर सेलमध्ये १९०० सालच्या जानेवारीतली तारीख झळकते. रिकामेपणाची अट आधी घाला.

वगळलेला काळ

१८ जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२० ते ३१ मार्च २०२१ हा काळ मंजुरीच्या वैधतेतून वगळला. शीटमध्ये हे करताना दोन कालखंडांचा आच्छादित भाग काढायचं नेहमीचं सूत्र वापरलं जातं, आणि ते चुकीचं आहे. ३० जून २०२० ला संपणारी मंजुरी घ्या. नेहमीचं सूत्र १ एप्रिल ते ३० जून असे ९१ दिवस मिळवून सप्टेंबर २०२० मधली तारीख देतं. पण ती तारीखही वगळलेल्या काळातच पडते. बरोबर उत्तर ३० जून २०२१, कारण घड्याळ १ एप्रिलला थांबलं आणि उरलेले ९१ दिवस पुढच्या एप्रिलपासून धावले.

सरळ उपाय: मंजुरी १ एप्रिल २०२० ला जिवंत असेल तर पूर्ण ३६५ दिवस मिळवा. मंजुरी त्या काळातच दिली गेली असेल तर ३१ मार्च २०२१ मधून मंजुरीची तारीख वजा करून येणारे दिवस मिळवा. १ ऑक्टोबर २०२० च्या मंजुरीला १८१.

मूळ वैधता किती वर्षांची, हेही तारखेनुसार बदलतं. खाण आणि नदी खोरे प्रकल्प सोडून इतरांसाठी २००६ मध्ये ५ वर्षं, २९ एप्रिल २०१५ च्या दुरुस्तीने ७, १२ एप्रिल २०२२ च्या दुरुस्तीने १० (अणुऊर्जेला १५). सूत्रात आकडा थेट लिहू नका. दुरुस्त्यांचा वेगळा तक्ता ठेवून तिथून घ्या. अधिसूचनेत इतक्या वेळा दुरुस्त्या झाल्या आहेत की मुदतीशेजारी ‘कोणत्या तारखेचा मजकूर’ हा स्तंभ नसलेली शीट वर्षभरात शिळी होते.

अपिलांच्या मुदतीला लागू होणारा कोविडकाळ वेगळा आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२. दोन्ही काळ एकाच सेलमध्ये ठेवलेल्या शीट आहेत, त्या टाकून द्याव्यात.

राजपत्राची तारीख

मसुदा अधिसूचनेवर हरकतींसाठी पर्यावरण (संरक्षण) नियमांतल्या नियम ५ प्रमाणे राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून ६० दिवस मिळतात. २०२० च्या ईआयए मसुद्यावर तारीख होती २३ मार्च, राजपत्रात तो आला ११ एप्रिलला. पहिल्या तारखेपासून ६० दिवस २२ मेला संपतात, दुसऱ्यापासून १० जूनला. एकोणीस दिवसांचा फरक, आणि तो केवळ कागदावरची कुठली तारीख टंकली यावर. मंत्रालयाने मुदत ३० जूनपर्यंत वाढवली, दिल्ली उच्च न्यायालयाने ११ ऑगस्टपर्यंत. शीटमध्ये ‘अधिसूचनेची तारीख’ असा स्तंभ ठेवूच नये. ‘स्वाक्षरीची तारीख’ आणि ‘राजपत्रात प्रसिद्धी’ असे दोन ठेवावेत, सूत्र दुसऱ्यालाच जोडावं.

एक्सेलचे स्वतःचे दोष

तारखांची मांडणी हा सगळ्यात मोठा. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकन असेल तर ०५/०१/२०२६ म्हणजे १ मे होतो, ११६ दिवसांची उडी, आणि कुठलाही इशारा येत नाही. १३/०१/२०२६ मात्र तारीखच होत नाही, मजकूर म्हणून डावीकडे चिकटून बसते. एकाच स्तंभात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की समजावं, उजवीकडच्याही चुकीच्या असणार. महिना अक्षरांत टंकणं किंवा वर्ष-महिना-दिवस हा क्रम घेणं, दोन्ही सुरक्षित. सेलमध्ये ४६०२७ असा आकडा दिसला तर घाबरू नका. ती ५ जानेवारी २०२६ च आहे, फक्त मांडणी बदलायची आहे.

पोर्टलवरून उतरवलेल्या तारखांना वेळ चिकटलेली असते, मग फरक ४४.२२ असा अपूर्णांकात येतो आणि ४५ शी तुलना करणारी अट चुकते. पूर्णांक काढणारं इंट सूत्र लावा. वेळ वेगळ्या स्तंभात जपून ठेवा मात्र. सीमाशुल्काच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ई-राजपत्र कुठल्या क्षणी चढवलं, २० वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंद, यावर निकाल दिला आहे.

दोन तारखांमधला फरक देणाऱ्या डेटडिफ सूत्रातला महिने सोडून उरलेले दिवस देणारा प्रकार चुकीचं उत्तर देऊ शकतो असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं. वापरू नका. जुन्या मॅकवर बनलेल्या फाइल १९०४ पासून दिवस मोजतात. त्यातून तारखा दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवल्या की १,४६२ दिवसांनी सरकू शकतात. हा दोष निदान लगेच दिसतो.

‘उरलेले दिवस’ दाखवणारं टुडे सूत्र रोज बदलतं, म्हणून त्या स्तंभाची छापील प्रत पुरावा म्हणून जोडू नये. गूगल शीट्समध्ये टुडे फाइलच्या कालक्षेत्राप्रमाणे चालतं. ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं राहिलं असेल तर हिवाळ्यात आपल्याकडे दुपारी दीडपर्यंत शीट कालचाच दिवस दाखवते. शेवटच्या दिवशी सकाळी ‘१ दिवस बाकी’ वाचून कुणी निर्धास्त बसू शकतं. सेटिंग्जमध्ये कालक्षेत्र बदलायला अर्धा मिनिट लागतो.

कुणी काय वापरावं

एकच माणूस फाइल सांभाळत असेल तर एक्सेल किंवा कॅल्क, दोन्ही सारखीच; मुदती मोजण्यासाठी एक्सेलचे पैसे मोजायची गरज नाही. अनेक जण तारखा भरत असतील तर गूगल शीट्स वरचढ, कारण सेलमधला बदल कुणी आणि कधी केला हे इतिहासात दिसतं, आणि आवक तारखेवरून वाद झाला की तेच लागतं. सुट्ट्यांची यादी आणि दुरुस्त्यांचा तक्ता यांना संरक्षण लावून एकाच व्यक्तीकडे ठेवा.

सहामाही अनुपालन अहवालाच्या १ जून आणि १ डिसेंबर या तारखा मात्र या शीटमध्ये घालू नका. त्या कुठल्याच घटनेपासून मोजायच्या नाहीत, दरवर्षी त्याच येतात. त्यांना फोनमधलं वार्षिक स्मरणपत्र पुरतं, महिनाभर आधीचं.